हीटर लावला तरी गाडीत गार हवाच येते? आधी कुलंट बघा, मग बाकीचं

आपल्याकडे गाडीच्या हीटरची आठवण वर्षातून फार तर पंधरा दिवस येते. एसी बिघडला की दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला, आणि हीटर बिघडला की "जाऊ दे, संक्रांत झाली की थंडी जातेच". मीही त्यातलाच. नाशिकला राहतो, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तेवढे दिवस सकाळी मुलीला क्लासला सोडताना हीटर लावायचा, बाकी वर्षभर ते लाल निळं गोल बटण निळ्याकडेच. मग एका डिसेंबरात आम्ही गाडी घेऊन मनालीला गेलो, अटल टनेलमधून पलीकडे सिस्सूला निघालो, हीटर पूर्ण लालवर, ब्लोअर चारवर, आणि आत येणारी हवा कशी, तर पावसाळ्यात लोकलच्या दारात उभं राहिल्यावर लागते तशी. बायको मागच्या सीटवर रजई घेऊन बसली होती आणि आरशातून माझ्याकडे बघत होती, ती काही बोलली नाही हेच जास्त वाईट.

नंतर शोधलं तर कारण सापडलं ते त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं. कसारा घाटात गाडी गरम झाली होती, रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने "साहेब, वॉल काढून टाकतो, परत गरम होणार नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढला, वरून हापशाचं पाणी भरून दिलं, मी त्याला पैसे दिले आणि धन्यवादही म्हणालो. म्हणजे हीटर बिघडला नव्हता, आपणच तो मारला होता. आपल्याकडचे निम्मे हीटर असेच मरतात असं माझं मत आहे, थंडीने नाही तर उन्हाळ्यातल्या जुगाडाने. म्हणून म्हटलं सगळं नीट लिहून काढावं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पेट्रोल डिझेलच्या गाडीत हीटर स्वतः काहीच गरम करत नाही. इंजिन चालताना जी उष्णता वाया जाते ती कुलंट उचलतं, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्याच्यात फिरणारं द्रव, बोलताना आपण त्यालाच पाणी म्हणतो, त्यातलं थोडं कुलंट दोन होज पाइपमधून डॅशबोर्डच्या मागे असलेल्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातं, त्याला गॅरेजवाले हीटर कॉइल म्हणतात, साधारण जाड वहीएवढा असतो, आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो. बस. त्यामुळे "हीटर लावला की पेट्रोल जास्त जातं" हे खोटं, जाते ती फक्त ब्लोअरची वीज. आणि त्यामुळेच गरम हवा येत नसेल तर एकतर इंजिन गरम होत नाहीये, नाहीतर गरम पाणी कॉइलपर्यंत पोचत नाहीये, नाहीतर कॉइल गरम आहे पण हवा तिच्यावरून जातच नाहीये. चौथं काही नसतं. मेकॅनिक पाचवं सांगायला लागला तर सावध.

सुरुवातीला गाडीला वेळ द्या. सकाळी सेल मारल्या मारल्या हीटर लावून "गार येतंय" म्हणणारे खूप भेटतात. थंडीत पेट्रोल गाडीला दहा मिनिटं धरा, डिझेलला त्याहून जास्त, आणि जागेवर उभी ठेवून डिझेल लवकर तापत नाही, चालवावीच लागते. टेम्परेचरचा काटा मध्यावर येईपर्यंत, किंवा ज्या गाड्यांना काटाच नाही नुसता निळा दिवा आहे त्यात तो निळा दिवा जाईपर्यंत ब्लोअर बंदच ठेवा, उगाच गार हवा अंगावर घ्यायची आणि वर थोडीफार तापलेली कॉइलही थंड करायची, कशाला.

बरं, तेवढं करूनही गार येतंय. मग बोनेट, पण गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी. गरम इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कपडा धरून पण नाही, हळूच पण नाही. आत पाणी दाबाखाली असतं, शंभर डिग्रीच्या वर गेलेलं असलं तरी दाबामुळे उकळत नाही, झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.

थंड गाडीत कुलंटच्या बाटलीवर मिन आणि मॅक्सच्या दोन रेघा असतात, पाणी त्यांच्या मध्ये पाहिजे. पण फक्त बाटलीवर विश्वास ठेवू नका. ज्या गाड्यांना रेडिएटरवर वेगळं झाकण आहे त्यात बाटली भरलेली आणि रेडिएटर आतून अर्धा रिकामा असं होऊ शकतं, झाकणाचं रबर गेलं की बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जात नाही. म्हणून ते झाकणही उघडून बघा, गळ्यापर्यंत पाणी दिसलं पाहिजे. पाणी कमी झालं की पहिला मार हीटरलाच बसतो, कारण कॉइल बऱ्याच गाड्यांत उंचावर असते, हवा वर चढून तिच्यातच बसते. इंजिनला अजून पुरतंय, काटा नॉर्मल दाखवतोय आणि हीटर मात्र गार, अशी अवस्था म्हणजे गाडीने दिलेली आगाऊ नोटीस आहे. ती वाचायची.

कमी असेल तर भरा, पण का कमी झालं तेही शोधा. सील केलेल्या सिस्टिममधून कुलंट "असंच" जात नाही. होज पाइपच्या क्लिपांपाशी पांढरे हिरवे सुकलेले डाग, वॉटर पंपाच्या खाली ओल, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला केसासारखी चीर, हे बघा. उंदीर पण बघा, हसू नका, आमच्या सोसायटीत दोन गाड्यांचे पाइप उंदरांनी कुरतडलेत. आणि बाहेर कुठेच गळत नाही तरी पाणी कमी होतंय, सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय, ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय. त्यात हीटर दुरुस्त करत बसू नका, सरळ हेडचं काम करणाऱ्या चांगल्या माणसाकडे जा.

पाणी बरोबर आहे, मग होज पाइपची परीक्षा, आणि ही अशी गोष्ट आहे की पाच मिनिटांत अर्धा निकाल लागतो. गाडी वीस मिनिटं चालवून आणा, हीटर लालवर ठेवून इंजिन चालू राहू द्या, बोनेट उघडा आणि इंजिनच्या मागे केबिनच्या पत्र्यातून आत जाणारे अंगठ्याएवढे जाड दोन रबरी पाइप शोधा, शेजारी शेजारी असतात. मफलर, ओढणी, लांब बाह्या आधी आवरा, बेल्ट फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप चालू होतो. पाइपांना आधी बोट लावून बघा, मग हात. दोन्ही चटका बसेल असे गरम, तर पाणी पोचतंय, कॉइल ठीक आहे, गडबड आत फ्लॅपमध्ये, म्हणजे हवा वळवणाऱ्या झडपेत आहे. एक गरम आणि एक गार किंवा कोमट, तर कॉइल चोंदलीये, नाहीतर तिच्यात हवा अडकलीये, नाहीतर जुन्या गाड्यांत पाइपवर जो हीटरचा कॉक असतो तो उघडत नाहीये. दोन्ही कोमट, तर इंजिनच तापत नाहीये, म्हणजे थर्मोस्टॅट, नाहीतर पाणी फिरत नाहीये म्हणजे पंप. आणि त्या जागी दोन पाइपांऐवजी इंजिनपासून निघून इंजिनलाच परत जाणारा एकच यू आकाराचा तुकडा दिसला, तर कुणीतरी तुमचा हीटर बायपास करून ठेवलाय. कॉइल गळायला लागली की डॅशबोर्ड खोलायचा खर्च नको म्हणून असं करतात, आणि गाडी विकताना सांगत नाहीत. सेकंडहँड गाडी भर मे महिन्यात बघायला गेलात तरी दोन मिनिटं हीटर लावून बघा, मालक विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे या बिचाऱ्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. हा एक मेणाच्या गोळीवर चालणारा छोटा दरवाजा, इंजिन थंड असताना बंद राहतो म्हणजे पाणी मोठ्या रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच फिरून पटकन तापतं, आणि साधारण ८२ ते ९० डिग्रीच्या दरम्यान, गाडीप्रमाणे, उघडतो. तो बंद अडकला तर गाडी ओव्हरहीट होते, ते सगळ्यांना लगेच कळतं. उघडा अडकला किंवा काढूनच टाकला तर गाडी कधी नीट तापतच नाही, आणि ते कुणाला कळतच नाही, उलट "काटा कसा मस्त खाली असतो" म्हणून खूश. पण इंजिनचा कॉम्प्युटर समजतो की गाडी अजून थंड आहे आणि इंधन जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल नीट तापत नाही आणि इंजिन झिजतं. ओळखायचं कसं, तर शहरात ट्रॅफिकमध्ये हीटर थोडा गरम आणि हायवेला ऐंशीच्या वर गेलं की कोमट, काटा पण खाली पडतो, कारण समोरून येणारा वारा रेडिएटर सतत थंड करत राहतो. थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला हात लावून ठेवा, तो बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाला पाहिजे, पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा आहे किंवा नाहीच आहे. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर असेल तर तो गाडीच्या कॉम्प्युटरला लावून मोबाइलवर कुलंटचं टेम्परेचर बघता येतं, आणि पी०१२८ हा कोड आला असेल तर त्याचा अर्थच हा की पाणी पाहिजे तेवढं तापत नाहीये.

काढलेला वॉल घरी तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी घालून दोऱ्याने लटकवा, सोबत थर्मामीटर, उघडण्याची डिग्री बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेली असते, तिथे आल्यावर उघडतो का बघा. पातेलं जुनं घ्या, परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, कुलंट विष आहे. गोडसर लागतं म्हणून कुत्री मांजरं चाटतात आणि मरतात, सांडलेलं भरपूर पाण्याने धुवून काढा. नवीन वॉल घेताना कंपनीचा किंवा त्याच डिग्रीचा घ्या, गॅस्केट किंवा ओ रिंग नवीन टाका. हा पार्ट बहुतेक साध्या गाड्यांत फार महाग नाही, तो काढून टाकायला सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

एक पाइप गरम एक गार निघाला तर आधी हवा काढून बघा, कारण ते फुकट आहे. नुकतंच कुलंट बदललंय, पंप बदललाय, किंवा डॅशबोर्डमागून ओढ्यासारखा खळखळ आवाज येतोय, तर हवाच. गाडी थंड असताना नाक वर येईल अशी चढावर लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा, झाकण उघडा, हीटर पूर्ण लालवर ठेवून इंजिन चालू करा. पाण्याची लेव्हल खाली जाईल तसं कुलंट ओतत राहा, मधे मधे रेडिएटरचे पाइप हाताने दाबून सोडा, बुडबुडे यायला लागतील. वॉल उघडला की लेव्हल एकदम खाली जाते, तेव्हा परत भरा, आणि उकळी येण्याआधी, पाणी वर चढायला लागलं की झाकण लावा. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू दिलेला असतो, तो असेल तर त्यातून बुडबुड्याशिवाय सलग धार येईपर्यंत सैल ठेवायचा. ज्या गाड्यांत फक्त एकच दाबाची बाटली आहे, रेडिएटरला झाकण नाही, त्यात भरायचं त्या बाटलीतूनच.

हवा काढूनही एक पाइप गारच, मग कॉइल चोंदली. आणि हे आपल्या नळाच्या नाहीतर बोअरच्या पाण्याचं पाप. बोअरचं पाणी घालून गिझरची कॉइल कशी पांढरी होते ते बघितलंय ना, तेच गाडीत, वर गंज पण, आणि तो गाळ बसतो कुठे तर सगळ्यात बारीक नळ्या असतात तिथे, म्हणजे हीटर कॉइलमध्ये. थंड गाडीत दोन्ही होज सोडवा, सोडवताना ओढाताण नको, जुन्या गाडीत कॉइलच्या नळ्या ठिसूळ होतात, तुटली तर डॅशबोर्ड खोलावा लागेल. मग ज्या नळीतून पाणी बाहेर येतं त्या नळीतून बागेचा पाइप लावून उलटं पाणी सोडा, हलक्या दाबाने, सर्व्हिस सेंटरच्या धुण्याच्या प्रेशरने नाही, कॉइल आतून फाटते. दुसऱ्या नळीला बादली लावा. पहिलं पाणी माझ्या गाडीतून आलं ते कडक चहाच्या रंगाचं होतं, त्यात खडे. स्वच्छ येईपर्यंत, मग एकदा सुलटं, मग उलटं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने करा, बॅटरीवाल्याकडे मिळतं. त्यानंतर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचं कुलंट. रंग बघून घेऊ नका, हिरवं गुलाबी निळं हा रंग कंपनी ठरवते, आत काय आहे ते रंगावरून कळत नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी, तयार मिळत असेल तर पाणी अजिबात न मिसळता. इथिलीन ग्लायकॉलचं अर्धं अर्धं मिश्रण साधारण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही, नाशिकला त्याची गरज नाही पण मनालीला आहे. तिथे हॉटेलच्या पार्किंगमध्ये एका ड्रायव्हरने मला पहिला प्रश्न हाच विचारला, "कुलंट डाला है ना?", मी हो म्हणालो आणि रात्रभर झोप नाही, कारण आत हापसा होता. साधं पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर काय, इंजिनचा ब्लॉकसुद्धा फोडतं.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या आसपास दाबाने असतो, तो खाली उतरवताना इतका गार होतो की रिड्यूसर, म्हणजे दाब उतरवणारा भाग, गोठेल, म्हणून त्याच्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवतात, आणि बाहेरून किट बसवताना ते पाणी बहुतेक हीटरच्या पाइपला टी मारूनच घेतलेलं असतं. किट बसवल्यापासून हीटर मंद झालाय असं वाटत असेल तर भास नाही, त्या टी जॉइंटपाशी पाइप पिळलाय का, हवा राहिलीये का ते किटवाल्याकडूनच बघून घ्या.

दोन्ही पाइप चटका बसेल असे गरम आहेत आणि आत गार, तर डॅशबोर्डमधला फ्लॅप. एसीची कॉइल आणि हीटरची कॉइल एकाच डब्यात असतात, मधला फ्लॅप ठरवतो की हवा हीटरवरून जाईल की नाही. साध्या गाड्यांत बटणापासून फ्लॅपपर्यंत वायर असते, तिची क्लिप सुटते, मग बटण एकदम हलकं फिरतं, ड्रायव्हरच्या पायापाशी डोकं घालून टॉर्च मारला तर लोंबणारी वायर दिसते आणि पक्कडने परत बसवता येते. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत तिथे छोटी मोटर असते, तिचे प्लॅस्टिकचे दात तुटले की गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डमधून टकटकटक आवाज येतो, ती बदलावी लागते.

आणि हवाच येत नसेल, गरम पण नाही गार पण नाही, तर हा हीटरचा आजार नव्हेच, ब्लोअरचा आहे. फ्यूज बघा. फक्त चार नंबरवर चालतो आणि एक दोन तीनवर बंद, तर ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालाय, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. हवा येते पण फुंकर मारल्यासारखी, तर केबिन फिल्टर काढून बघा, माझ्यात गुलमोहराच्या पाकळ्यांचा लगदा निघाला होता.

गाडीत गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुकं जे पुसलं की अजून पसरतं, कार्पेट ओलं, ही कॉइल गळायची लक्षणं. तो वास श्वासात घेत लांब जाऊ नका. घाईत असाल तर बायपास करून घरी या, पण ते घरी येण्यापुरतंच.

ज्याला वाटतं आपल्याला हीटर लागतच नाही त्याने जुलैत माळशेज किंवा आंबोलीला जाऊन यावं. काचेवर वाफ धरली की एसी चालू, टेम्परेचर लालकडे, हवा काचेवर, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण, एसी हवेतला दमटपणा काढतो आणि हीटर काच कोमट करतो, मिनिटात समोरचा ट्रक दिसायला लागतो. दुसरं म्हणजे घाटात काटा वर चढायला लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण लावा, खिडक्या उघडा, घाम निघेल पण इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते आणि बाजूला थांबायला जागा सापडेपर्यंत वेळ मिळतो. पण काटा लालकडे आणि हीटरमधून गार हवा, असं दिसलं तर एक किलोमीटरसुद्धा पुढे जायचं नाही. पाणी संपलंय. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

इलेक्ट्रिक गाडीला यातलं जवळपास काहीच लागू नाही, तिथे तापायला इंजिनच नाही, हीटर बॅटरीच्या विजेवर चालतो म्हणून थंडीत रेंज कमी होते, आणि बिघडला तर केशरी रंगाच्या जाड वायरींना हात न लावता सर्व्हिस सेंटर.

माझ्या गाडीचं काय झालं, तर नवीन वॉल, कॉइल दोनदा उलटी सुलटी धुतली, साडेचार लिटर कुलंट, एक रविवार. संध्याकाळी हीटर लावला तर हात बाजूला घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत लेव्हल परत बघितली तर बोटभर खाली गेली होती, राहिलेली हवा रात्रीतून निघून जाते, तेवढं भरलं. तुम्ही पण दुसऱ्या दिवशी बघाच, आणि मग आठवड्याने अजून एकदा, तेव्हाही खाली गेलेली दिसली तर ती हवा नव्हे, कुठेतरी गळतंय.